गावंडे सर आणि ‘ऑन’ची भानगड

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या वर्षी अख्खं दारव्हा राजकारणावर तावातावानं बोलत होतं. आमच्या शाळेतल्या गावंडे सरांना मात्र वेगळाच घोर. "मर्ज्ड इन म्हणाचं, का मर्ज्ड विथ?"

मी गणिताचा मास्तर. माझं इंग्रजी बेताचं, पण सरांचा तास मी व्हरांड्यात उभं राहून ऐकायचो. कोणत्या क्रियापदामागं कोणता शब्द लागतो, हे इतकं सोपं करून सांगणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पोरगं ‘डिस्कस अबाउट’ म्हणालं की सर कळवळायचे. "अबे, त्या डिस्कसले एकटं राहू दे नं. त्याले कोणी लागत नाही." पोरं हसायची, पण पुन्हा चुकायची नाहीत. "मराठीतला ‘वर’ उचलून इंग्रजीत ठेवला का घात झालाच समजा," हे त्यांचं पालुपद.

घात झाला तो त्यांच्याच घरी. वत्सलावहिनींना ते मोठ्या हौसेनं इंग्रजी शिकवत. एकदा काहीतरी बिनसलं आणि वहिनी कडाडल्या, "आय ॲम अँग्री ऑन यू."

"ऑन नाही," सर शांतपणे म्हणाले, "विथ."

दुसऱ्या दिवशी वहिनी माहेरी, मुकुटबनला निघून गेल्या.

महिना उलटला. पोरं खुशाल चुका करत आणि सर खिडकीबाहेर पाहत बसत. असला हिऱ्यासारखा मास्तर वाया चाललेला मला बघवेना.

"काहून बसले असे? घेऊन या नं वहिनीले," मी म्हटलं.

"गेलो, अन् ते आलीच नाही तं?"

शेवटी मीच त्यांना मोटारीत कोंबलं. धूळ खात मुकुटबनला पोचलो, तर ओसरीवर सासरे आणि तिन्ही मेव्हणे मिशीला पीळ देत बसलेले. वहिनी दारात आल्या. सरांकडे पाहिलं आणि घरच्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत हळूच म्हणाल्या, "आय वॉज वेटिंग ऑफ यू."

‘तुमची वाट’मधला ‘ची’ जसाच्या तसा तिकडं उतरला होता. एवढं तर मलाही कळलं. सरांचे ओठ हलले. आता हा बाबा ‘फॉर’ म्हणतो आणि संसार बुडवतो.

सरांनी टोपी काढून हातात घेतली. डोळे भरले होते.

"आय ऑल्सो," ते म्हणाले. "वेटिंग ऑफ यू."