आवाज बसला!

थोरल्या भाच्याचं लग्न झालं, त्या वर्षी धाकट्या भाचीनं आत्याच्या घरातल्या मागच्या खोलीत गाण्यांचा अल्बम करायला घेतला. शब्द तिचे, चाली तिच्या, गिटारही तिचीच. ठेका तेवढा कॉम्प्युटरचा. तो वाजवणाऱ्या गृहस्थाला आत्या 'यंत्रवाला' म्हणे. बाहेरचा आवाज आत नको म्हणून घरातल्या झाडून साऱ्या गाद्या खोलीच्या भिंतींवर चढल्या. आत्या सतरंजीवर झोपू लागली, आणि हा त्याग सगळ्या आळीला रोज ऐकवू लागली.

"गाण्यातलं मला कळत नाही," ती शेजारणीला सांगे, "पण गळ्यातलं माझ्याइतकं कुणाला कळायचं नाही!"

खरंच होतं. तिच्या गळ्याला झोपेखेरीज सुट्टी नसे.

एकच गाणं राहिलं होतं. संध्याकाळी यंत्रवाला नोकरीसाठी परगावी निघणार होता. आज नाही तर कधीच नाही! दुपारी चहा ओतताना आत्याच्या कानावर त्याचं फोनवरचं बोलणं पडलं.

"काय सांगू! ताईंचा आवाज असा बसलाय, असा बसलाय!"

गिटार आणि यंत्र यांच्या मधोमध आवाज नेमका बसला, असं बिचाऱ्याला म्हणायचं होतं. आत्यानं त्याला मध आणायला पिटाळलं आणि खोलीत घुसली.

"आत्या, अगं माझा गळा ठणठणीत..."

"गप्प बस!"

"पण ऐक तरी..."

"गप्प बस म्हणते ना! बसलेल्या आवाजाला विश्रांती लागते!"

बाहेरून कडी!

गाद्यांनी काम चोख केलं. भाची आतून जीव तोडून ओरडली. बाहेर चकार शब्द आला नाही.

"बघ, कशी शांत पडलीय!" मध घेऊन आलेल्या यंत्रवाल्याला आत्या म्हणाली.

"अहो आत्या, बसला म्हणजे जमला!"

"मग जमला म्हणावं! जीभ झडली होती का?"

कडी निघाली. भाचीनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. आता मात्र आवाज खरोखर बसला होता!

माइक चालूच राहिला होता. यंत्रवाल्यानं त्यातलं आत्याचं "गप्प बस!" कापून घेतलं आणि त्याचाच ठेका केला. वर गिटार आणि भाचीची कुजबुज. लोकांना नेमकं तेच गाणं आवडलं.

"माझ्यावाचून अडलंच होतं!" आत्या म्हणाली.

आत्या त्यानंतर तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, दुपारच्या झोपेत गेली. अजून ते गाणं लावलं, की घरातले सगळे गप्प बसतात. ती होती तेव्हा एकजण बसेल तर शपथ!