गाडी बिघडायलाच हवी होती

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता निर्मळच्या तुस्कानोंच्या अंगणात एक पांढरी गाडी, केळीचे पाच घड, एक वजनकाटा, एक दोनशे पानी वही आणि तीन माणसं होती. घडांची वजनं चौदा, सोळा, तेरा, पंधरा आणि चौदा किलो भरली, एकूण बहात्तर. माणसांपैकी ॲन्सेल्म बासष्ट किलोचे आणि त्यांची मुलगी स्टेफी एक्कावन्न किलोची. तिसरं माणूस काट्यावर चढायला तयार नव्हतं.

"माझं वजन कंपनीला कशाला कळायला पाहिजे?" ज्युलिएट म्हणाली.

"मम्मी, कंपनीला नाही, मला पाहिजे. गाडीत तीनशे किलोच्या वर भार असल्याशिवाय गियर सुटत नाही."

"मग साठ लिही."

"काट्यावर चढ."

काटा अडुसष्टवर थांबला. ज्युलिएटने आधी काट्याकडे आणि मग ॲन्सेल्मकडे रागाने पाहिलं, कारण काटा त्यांनीच आणला होता.

स्टेफी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. गाडीची वॉरंटी संपल्यावर एकोणिसाव्या दिवशी गियर पहिल्यांदा सुटला, तेव्हापासून तिने नोंदींची वही ठेवली होती. गाडी ऑटोमॅटिक होती. एखाद्या गतिरोधकावर हळू झाली की पडद्यावर न्यूट्रलचं 'एन' हे अक्षर लुकलुकायला लागायचं, इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. बंद करून चार मिनिटं वीस सेकंद थांबलं की काही झालंच नाही अशी निघायची. सर्व्हिस सेंटरला नेली, तेव्हा ती पूर्ण दिवस शहाण्यासारखी वागली. तिथल्या माणसाने नव्या गियरबॉक्सचे एक लाख अडतीस हजार सांगितले आणि वॉरंटीबद्दल विचारल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

घरात एक लाख चाळीस हजार होते. ते स्टेफीच्या एम.एस्सी.च्या फीचे, आणि फी भरायची शेवटची तारीख बारा जून. पण गाडीशिवाय केळी बाजारात जात नव्हती आणि केळी बाजारात गेल्याशिवाय घर चालत नव्हतं. म्हणजे गियरबॉक्स तरी, नाहीतर एम.एस्सी. तरी. हे घरात कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण ॲन्सेल्म गेले पंधरा दिवस मुलीशी जरा जास्तच गोड बोलत होते, त्यावरून तिला कळलं होतं.

तिने गाडीच्या कंपनीला अकरा ईमेल पाठवले. अकराव्याला उत्तर आलं. वॉरंटी संपली असली तरी कंपनी आपला इंजिनियर एकदाच, फक्त एकदाच पाठवेल. त्याच्या डोळ्यांसमोर दोष दिसला, तर गियरबॉक्स गुडविल म्हणून फुकट. नाही दिसला, तर फाइल बंद.

मग स्टेफीने चाळीस फेऱ्यांच्या नोंदी तपासून तीन अटी शोधल्या. इंजिन किमान पंचवीस मिनिटं चाललेलं हवं, भार तीनशे किलोच्या वर हवा, आणि समोर शाळेजवळचा गतिरोधक हवा. या तिन्ही अटी पाळून तिने गाडी दहा वेळा तिथे नेली. आठ वेळा अडकली.

"म्हणजे दोनदा नाही अडकली," ॲन्सेल्म काळजीने म्हणाले.

"म्हणून तर तीन फेऱ्या मारायच्या, डॅडी. तिन्ही वेळा न अडकण्याची शक्यता हजारात आठ आहे."

"आठ आहेत ना पण?"

एवढ्यात शेजारचे आलोशियस काका फाटकातून आत आले. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. काटा मोकळा दिसला म्हणून ते सहज त्यावर उभे राहिले. चौऱ्याण्णव.

"काटा बिघडलाय तुमचा," ते खाली उतरत म्हणाले. "काय रे ॲन्सेल्म, तो साहेब जाताना मला विरार स्टेशनला सोडेल काय? भावाकडे जायचंय."

"आधी येऊ दे तर त्याला."

साहेब दहा वाजता आले. दिनानाथ केणी, चाळिशीचे, कपाळावर घाम, बगलेत फाइल. ते ज्या गाडीतून उतरले ती तुस्कानोंच्याच मॉडेलची होती, रंगही पांढराच, फक्त एका वर्षाने नवी. त्यांचा ड्रायव्हर काळूराम उतरलाच नाही. त्याने सीट मागे पाडली, एसी चालू ठेवला आणि डोळे मिटले.

"सर, एक मिनिट काट्यावर उभे राहता?" स्टेफीने विचारलं.

केणींनी पंधरा वर्षांत ग्राहकांच्या शिव्या, अश्रू आणि एकदा नारळ एवढं झेललं होतं. काट्यावर त्यांना कोणी उभं केलं नव्हतं. ते एक्याऐंशी भरले. स्टेफीने बेरीज केली: तीनशे चौतीस.

"ताई, एक वाजता विरारला माझं दुसरं काम आहे. पटकन करू."

डिकीत घड ठेवले गेले. ॲन्सेल्म गाडी चालवायला, शेजारी केणी, मागे मायलेकी. आधी होळी बाजारापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. सत्तावीस मिनिटं लागली. वाटेत आरशाला टांगलेली रोझरी हलत होती आणि मागे ज्युलिएटचे ओठ हलत होते.

शाळेजवळ आल्यावर स्टेफी म्हणाली, "सर, पडद्याकडे बघा. आता एन लुकलुकेल."

ॲन्सेल्मनी ब्रेक दाबला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पुढे गेली.

"पहिली फेरी," स्टेफी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता, पण तिने एक हा आकडा दोनदा गिरवला.

दुसऱ्या फेरीला ॲन्सेल्मनी गाडी इतकी हळू केली, की मागून एक सायकलवाला पुढे निघून गेला. गाडी चढली, उतरली, निघाली.

"छान चालते हो," केणी म्हणाले.

"नाही चालत!" ॲन्सेल्म ओरडले. "तुम्हाला माहीत नाही, साहेब. ही नालायक आहे. चार जणांदेखत अशीच करते."

तिसऱ्या फेरीला त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला. स्टेफीने वहीत तीन हा आकडा लिहिला. बारा जून आणि शाळेसमोरचा तो काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा उंचवटा, दोन्ही तिला एकाच जागी दिसत होते. चाकं चढली. चाकं उतरली. इंजिन एखाद्या लाडावलेल्या मांजरासारखं गुरगुरत राहिलं.

मागच्या सीटवरून हळूच आवाज आला. "आमेन."

स्टेफीने मान वळवली. "मम्मी. कसलं आमेन?"

"काही नाही गो. असंच."

घरी आल्यावर केणींना ओटीवर बसवून चहा आणि घरी सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली. ते फॉर्म भरायला लागले. स्टेफीने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"किती दिवस चाललंय?"

"काय?"

"मम्मी!"

"नोव्हेना," ज्युलिएट म्हणाली. "संत अंतोनीचा. आज नववा दिवस."

"काय मागितलंस?"

"वाईट काय मागीन? संत अंतोनी हरवलेलं शोधून देतो. आपला गियर हरवत होता. गाडी बरी कर म्हटलं. तुझ्या फीसाठीच ना!"

"आज बरी व्हायला नको होती! आज तिला बिघडायचं होतं! आजचा एक दिवस!"

"मग मला आधी सांगायचं ना नीट. तुम्ही बापलेक दिवसभर शक्यता-शक्यता करता, मला काय कळतंय?"

ॲन्सेल्म दारात येऊन उभे राहिले. "ज्युलिएट, जा. जाऊन उलटं माग."

"नऊ दिवस एक सांगायचं आणि लगेच उलटं? तोंड कसं दाखवू?"

"तासाभरासाठी माग. फक्त तास. नंतर पुन्हा बरी कर म्हण."

ज्युलिएटने पदर सारखा केला आणि ती आतल्या खोलीत वेदीसमोर गेली. स्टेफीने घड्याळात पाहिलं, कारण तिला सवयच होती. अकरा वाजून बावीस मिनिटं.

ती ओटीवर परतली तेव्हा केणींनी सही केलेली होती. फॉर्मवर 'दोष आढळला नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

"सॉरी, ताई. वही सुंदर आहे तुमची. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

"हो सर," स्टेफी म्हणाली. निरीक्षण तिच्याच प्रयोगातलं होतं.

केणी उठले, तसे ॲन्सेल्म आपल्या डिकीतले घड उचलून त्यांच्या डिकीत ठेवायला लागले.

"डॅडी, काय करताय? याने आपली फाइल बंद केली."

"घरी आलाय ना? वाडीतनं माणूस रिकामा जात नाही."

"अख्खे पाच?"

"बाजाराची वेळ गेली. आता नेऊ कुठे? ऑफिसात वाटतील." ते केणींकडे वळले. "साहेब, तिसरा घड आधी खा, तो पिकत आलाय."

इतका वेळ ओटीवर असलेले आलोशियस काका एव्हाना केणींच्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले होते. काळूराम जागा झाला, सीट सरळ केली आणि गाडी फाटकाबाहेर गेली. स्टेफी वही मिटणार होती. पेन्सिल थांबली. केणी एक्याऐंशी, काका चौऱ्याण्णव, केळी बहात्तर. काळूरामला तिने अंदाजे सत्तर धरलं. तीनशे सतरा. आणि एसीसाठी इंजिन दहा वाजल्यापासून बंदच झालं नव्हतं.

"डॅडी," ती म्हणाली, "त्यांच्या रस्त्यात शाळा लागते."

चौथ्या मिनिटाला ॲन्सेल्मचा फोन वाजला. आलोशियस काका इतक्या मोठ्याने बोलत होते, की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"ॲन्सेल्म, अडकलो! एन-एन करून राहिलीय! साहेब शिव्या देतोय, पण इंग्लिशमध्ये!"

ज्युलिएट आतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी गाडीचा नंबर सांगितला नव्हता."

बापलेक गाडी घेऊन निघाले. गतिरोधकाच्या पलीकडे कंपनीची गाडी आडवी अडकली होती. मागे एक टेम्पो, चार स्कूटर आणि सगळ्यांचे हॉर्न. काळूराम दर दहा सेकंदांनी चावी फिरवत होता. केणी रस्त्यात उभे राहून घड्याळाकडे पाहत होते.

"सर, चार मिनिटं वीस सेकंद थांबलात तर निघेल," स्टेफी म्हणाली.

"नाही, नाही. या गाडीचा मला भरवसा नाही." केणींनी फाइल उचलली. "एक वाजता पोचायचंय. मिस्टर तुस्कानो, तुम्हीच सोडा मला विरारला. तुमची गाडी उत्तम आहे. मी स्वतः तपासलीय."

ते पुढच्या सीटवर बसले. काका मागे, स्टेफीच्या शेजारी बसले. ॲन्सेल्मनी घडही आपल्या डिकीत आणून ठेवले, पाचही.

"केळी राहू द्या हो!"

"असं कसं? तुमची केळी तुमच्याबरोबर."

स्टेफीने मनात बेरीज केली. तीनशे साठ. भार पुरेसा होता, पण इंजिन सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती. पहिली अट पूर्ण नव्हती. काहीही व्हायचं कारण नव्हतं. ॲन्सेल्मनी टेम्पोच्या बाजूने गाडी काढली आणि गतिरोधकावर हळू केली. पुढची चाकं चढली, उतरली.

पडद्यावर एन लुकलुकायला लागलं.

इंजिन ओरडलं. ॲन्सेल्मनी पाय काढला, पुन्हा दाबला. इंजिन आणखी ओरडलं. आता गतिरोधकावर एक आणि पलीकडे एक, अशा दोन पांढऱ्या गाड्या रस्ता अडवून उभ्या होत्या आणि मधून फक्त सायकल जाऊ शकत होती. गाडीतले सगळे केणींकडे पाहत होते आणि केणी पडद्याकडे.

"एन आहे," शेवटी केणी म्हणाले.

"हो," स्टेफी म्हणाली आणि ॲन्सेल्मनी गाडी बंद करताच तिने स्टॉपवॉच लावलं.

"मघाशी नव्हतं. तीनदा नव्हतं."

"हो."

"कसं काय?"

"एक कारण आहे, सर. पण ते वहीत नाही."

बाहेर टेम्पोवाल्याने खिडकीवर टकटक केली. "ओ साहेब, दोन-दोन गाड्या घेऊन काय प्रदर्शन मांडलंय काय?"

केणींनी फाइल उघडली, फॉर्म बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. आपण हे लिहिलं, तर ऑफिसात दुसऱ्या गाडीचंही सांगावं लागेल, हे त्यांना कळत होतं. मागे आलोशियस काका म्हणाले, "साहेब, तुम्हाला जे दिसतं तेच लिहावं लागतं ना? मघाशी ओटीवर बोललात."

केणींनी ओळ खोडली. वर लिहिलं, 'दोष आढळला.' थोडं थांबून पुढे लिहिलं, 'दोन गाड्यांत.' आणि खाली पुन्हा सही केली. "ताई, तुमच्या वहीचे फोटो काढू का?"

"काढा सर. पान तेरापासून."

ती बोलत असताना ॲन्सेल्मनी चावी फिरवली आणि गाडी निमूट सुरू झाली. स्टेफीने स्टॉपवॉच पाहिलं. चार मिनिटं एकोणीस सेकंद.

नऊ जूनला कंपनीचं पत्र आलं. गियरबॉक्स आणि मजुरी, दोन्ही फुकट. अकरा जूनला स्टेफीने फी भरली. ज्युलिएटने संत अंतोनीला मेणबत्ती लावली आणि या वेळी गाडीचा नंबर कागदावर लिहून वेदीवर ठेवला.

नवा गियरबॉक्स बसल्यावर स्टेफीने तोच प्रयोग पुन्हा केला. केळीचे घड निवडून बहात्तर किलोचेच घेतले. केणींच्या जागी एक्याऐंशी किलो भरतील एवढ्या दुधीच्या गोण्या ठेवल्या. ॲन्सेल्म बासष्ट, ती स्वतः एक्कावन्न, आणि ज्युलिएट या खेपेला न सांगता काट्यावर चढली.

इंजिन चालू: अठ्ठावीस मिनिटं. फेऱ्या: दहा. अडकली: शून्य वेळा. भार: तीनशे छत्तीस किलो, मागच्यापेक्षा दोन जास्त.