दाराकडे पाठ करून उभा माणूस

सत्तारभाई कल्हईवाले कुणाच्याही दारी गेले की कडी वाजवायचे आणि लगेच दाराकडे पाठ करून उभे राहायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "घर दुसऱ्याचं, नजर आपली. काऊन आत धाडू?" त्यामुळे गडचिरोलीतल्या कित्येक बायांनी त्यांचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता, पाठ मात्र गावभर ओळखीची. पलीकडच्या बौद्ध वस्तीतली शेवंताबाई चिडवायची, "सत्तारभाऊ, तोंड का नवरीचं हाय का?" हे पाठमोरेच उत्तर द्यायचे, "बाई, भांडं द्या. तोंड त्याच्यात चमकवून दाखोतो."

दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपार कलल्यावर, चारपाच जणांना घेऊन ते गश्तीला निघत. गश्त म्हणजे मुसलमानांच्या घरोघरी जाऊन "नमाजले या" म्हणून सांगणं. बोलणं दोन वाक्यांचं. दार उघडलं तरी खूश, तोंडावर आपटलं तरी खूश. "आपटलं म्हंजे घरी हाय," म्हणायचे.

मी तेव्हा मशिदीच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो आणि मला नगरपालिकेत निवडून जायचं होतं. मशिदीचं छत गळतंय एवढं सांगायलाही मी भाषण करायचो. एकदा सत्तारभाई अदबीनं म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुमी दुआ मांगता तवा वाटते, अल्ला बी मतदार यादीत हाय."

निवडणूक आली. माझी निशाणी छत्री. जी दारं सत्तारभाईंना उघडत ती मला उघडत नव्हती, म्हणून मीही गश्तीत शिरलो. त्यांची दोन वाक्यं संपली की माझे हात जोडले जात, "अन् छत्रीले विसरू नका." गल्ली संपेस्तोवर मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सत्तारभाई त्याच गल्लीत एकटे फिरले आणि दारोदारी पाठमोरे सांगून आले, "कालचं छत्रीचं बोलनं गश्तीतलं नोहतं. माफ करजा."

लोकांनी त्यांना माफ केलं. मला पाडलं.

त्याच सुमारास त्यांच्या दुकानावर छपराचे नवे टिन चढले होते. त्यांच्या साळ्यानं, म्हणजे मेव्हण्यानं दिलेले, मला ते ठाऊक होतं. तरी पानठेल्यावर मी म्हणालो, "ते टिन विरोधी पार्टीचे आहेत." एवढंच. पुढचं गावानं केलं. ओळखीची पाठ दिसली की लोक आतूनच ओरडू लागले, "घरी नाई!" गश्तीतली माणसंही गळाली. सत्तारभाईंनी कधी खुलासा केला नाही. म्हणून आज मी करतो. तो माणूस कुणाला विकला गेला नव्हता. आमच्यापैकी ताठ मानेनं ज्याचं नाव सांगावं असा तो होता, आणि मी त्याच्यासोबत चाललो आहे याचा मला अभिमान आहे.

कसा चाललो, तेही सांगतो.

पावसाळा सरला, भामरागडचा रस्ता खुला झाला. तिकडच्या दोनचार मुसलमान दुकानदारांकडे सत्तारभाई दरसाल जमात, म्हणजे गश्तीतल्याच चारपाच जणांची टोळी, घेऊन जात. मी पडलेलं तोंड घेऊन मुलीकडे नागपूरला निघालो होतो. एसटी स्टँडवर पाहतो तर ते वळकटी आणि स्टोव्ह घेऊन एकटेच बसलेले.

"बाकीचे कुठं?"

"कोनाची धानकापनी, कोनाची कंबर."

मी कसाबसा म्हणालो, "सत्तारभाई, ते टिनाचं..."

"मालूम हाय. साळा बी हासत होता." मग वळकटीची दोरी आवळत म्हणाले, "जानं कठीन नाई, साहेब. पन एकट्यानं नमाज पढली, शेवटी सलामले मान इकडं फिरवली तं कोनी नाई. तिकडं फिरवली तं कोनी नाई."

"दोन्ही खांद्यांवर फरिश्ते असतात ना सलाम घ्यायला?"

"असते. पन सोबत जेवाले बसत नाई."

भामरागडची गाडी लागली. मी त्यांचा स्टोव्ह उचलला.