बुधवारी झालेली गुरुवारची मुलगी

माणसाचा जन्म ही इतकी महत्त्वाची गोष्ट आहे, की ती जन्म देणाऱ्या बाईवर सोपवून चालत नाही. थायलंडमधल्या नाखोन सवानच्या नदीकाठच्या खासगी रुग्णालयाने हे फार लवकर ओळखले. तिथे बाळंतपणाच्या विभागात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, भूल देणारे आहेत, फोटोवाला आहे, आणि तळमजल्यावर काचेच्या खोलीत एक 'शुभवेळ कक्ष' आहे. (बाळंत होणाऱ्या बाईसाठी एक खाटही आहे.)

कक्षाचे काम सोपे नाही. घरची माणसे विहारातून किंवा ज्योतिषाकडून वेळ आणतात. कक्ष ती वेळ ऑपरेशन थिएटरच्या वेळेशी आणि डॉक्टरांच्या जेवणाच्या वेळेशी जुळवून घेतो. कक्षाच्या वार्षिक अहवालाप्रमाणे गेल्या वर्षी शंभरातल्या ब्याण्णव बाळांनी नेमून दिलेली वेळ पाळली. उरलेल्या आठांनी घाई केली. त्यांच्या कुटुंबांना समज देण्यात आली. अहवालात आणखी एक अभिमानाची नोंद आहे: रुग्णालय सुरू झाल्यापासून बुधवारी दिवे लागल्यानंतर तिथे एकही बाळ जन्मलेले नाही. बुधवार सूर्य मावळेपर्यंत बुधाचा असतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तो राहूचा. राहूच्या वेळात मूल होऊ देणे हा निष्काळजीपणा झाला, आणि रुग्णालय निष्काळजी नाही.

अशा ठिकाणी सातव्या महिन्यात कोय आली. सोबत सासू किमहियांग होती आणि सासूच्या मागे नवरा वुत होता. बाजारात त्यांचे माशाच्या गोळ्यांचे दुकान आहे. कोयचे म्हणणे थोडक्यात असे होते, की तिला कळा देऊन बाळंत व्हायचे होते, टाके नको होते. कारण टाके असलेल्या बाईला आगीशेजारी निजता येत नाही. चाय नातला माहेरी तिच्या आईने, बुनरुआनने, लग्न ठरले त्याच आठवड्यात परसातले चिंचेचे झाड तोडून त्याचे लाकूड घराखाली रचून ठेवले होते. लेक बाळंत होऊन येईल, बांबूच्या बाजेवर निजेल, शेजारी चिंचेचा विस्तव धगधगेल, कंबर शेकेल, पोट बसेल. बुनरुआनचे हे असेच झाले होते, तिच्या आईचेही असेच. कोयला तेवढे हवे होते.

तिने डॉ. कम्फोनना विचारले, "डॉक्टर, माझी नॉर्मल होईल ना?"

"हो तर! का नाही होणार?" डॉक्टर हसून म्हणाले. "नॉर्मलच बघू. फक्त दिवस तेवढा ठरवून टाकू."

डॉक्टर कुणालाही नाही म्हणत नसत. म्हणून तर लोक त्यांच्याकडे जात. मात्र शास्त्र शास्त्राच्या जागी असते. सातव्या महिन्यात बाळ मोठे होते. आठव्यात ते लहान निघाले. मग नाळ गळ्याभोवती असल्याचा संशय आला, मग तो संशय गेला आणि कोयचे कंबरेचे हाड अरुंद ठरले. दुखणी वेगवेगळी असली तरी उपाय दरवेळी एकच निघाला, यावरून उपाय किती गुणकारी आहे हे कळते.

"आई, तुमची तिन्ही नॉर्मलच झाली ना?" कोयने एकदा दुकानात सासूला विचारले.

"झाली ना. वेळ न बघता झाली," किमहियांग म्हणाली, आणि बर्फाची लादी उचलताना धडपडणाऱ्या वुतकडे तिने बोट केले. "त्यातला एक हा. बघ."

वुतने लादी पुन्हा उचलली.

किमहियांग विहारात थोरल्या भन्तेंकडे गेली. भन्ते म्हणाले, "सगळे दिवस चांगले. लेकरू धडधाकट असावं."

"हो भन्ते, पण कुठला?" किमहियांगने विचारले.

भन्तेंनी सुस्कारा टाकून गुरुवार दिला. वेळ सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटे. गुरुवारच्या अक्षरांतून नावही काढून दिले: फकामात. पोटात मुलगी आहे हे मशीनने सांगितलेच होते. गुरुवारी या नावातले पहिले अक्षर अमृत असते. तेच अक्षर बुधवारी रात्री जन्मलेल्याला विष असते. पण त्याचा विचार करायचे कारण नव्हते. किमहियांगने गुरुवारचा रंग म्हणून नारिंगी दुपटी, नारिंगी टोपडी, नारिंगी मोजे आणले, प्रत्येकावर नाव शिवून घेतले, आणि नाव कोरलेला सोन्याचा तोडाही केला. गल्लीत सगळ्यांना दिवस आणि वेळ सांगून झाली. फक्त जन्म व्हायचा राहिला होता.

आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी, सकाळी दुकान उघडतानाच कोयच्या कंबरेत पहिली कळ आली. तिने हिशेब केला होता: आता सांगितले तर आताच टेबलावर घेतील, उशिरा सांगितले तर काही करता येणार नाही. ती दिवसभर गोळ्यांची वजने करत राहिली. कळ आली की गिऱ्हाईकाला जरा जास्त गोळे जात. दुपारनंतर दुकानापुढे रांग लागली.

"आज ही वाटत सुटलीय की काय?" किमहियांगने तागडी पाहिली, मग सुनेचे तोंड पाहिले. "अगं बाई! कधीपासनं?"

"आत्ताच," कोय टेबलाला धरून म्हणाली.

रुग्णालयात पोचले तेव्हा उन्हे नदीवर उतरली होती. नर्स लमाय जुनी होती. तिने तपासले आणि हात धुतले. "डोकं दिसतंय. आता कुणाला विचारायची सोय नाही."

"डॉक्टरांना बोलवा! दिवे लागायच्या आत कापा म्हणावं!" किमहियांग म्हणाली. बुधवारचा दिवस तसा वाईट नव्हता, रात्रच वाईट होती. पण दोन्ही थिएटरांत दोन कुटुंबांच्या शुभवेळा चालू होत्या, आणि तिसऱ्या कुटुंबाने दार अडवले होते. डॉक्टर येऊ शकत नव्हते. खिडकीतला सूर्य मात्र येत जात होता, म्हणजे जातच होता.

किमहियांगने विचार बदलला. व्यवहारी बाई होती ती. ती सुनेच्या कानाशी वाकली. "हे बघ कोय, आता घाई नको करू. नऊपर्यंत धर."

"रात्री नऊ?"

"सकाळी!"

"आई," कोय दात आवळून म्हणाली, "मला नाही जमत. तुम्हीच सांगा तिला. नात तुमची आहे, तुमचं ऐकेल."

नातीने ऐकले नाही. नदीकाठच्या रस्त्यावरचे दिवे लागले आणि फकामात जन्माला आली. दणकून रडली. लमायने सवयीने घड्याळाकडे पाहिले, मग किमहियांगकडे पाहिले, आणि पुन्हा काही घड्याळाकडे पाहिले नाही. कोय घामाने निथळत हसत होती. टाका एकही पडला नव्हता. तिच्या मनात चिंचेचे लाकूड पेटलेही होते.

इथे एखादे सामान्य रुग्णालय हात टेकून बसले असते. या रुग्णालयाने बैठक बोलावली.

बैठकीपुढे मूलभूत प्रश्न होता: जन्म म्हणजे नेमके काय? डोके बाहेर येणे? पहिले रडणे? नाळ कापणे? वजन करणे? का कुटुंबाच्या स्वाधीन करणे? डॉ. कम्फोन म्हणाले, की शास्त्राच्या दृष्टीने मूल बाहेर आले आहे हे नाकारता येत नाही. पण ते पोचले आहे असेही म्हणता येत नाही. पाहुणा स्टेशनवर उतरला म्हणजे घरी आला असे होत नाही. यावर सर्वांचे एकमत झाले. मूल वाटेत आहे, असे ठरले. ते रात्रभर बालकक्षात वाटेत राहिले. वाटेत असताना त्याने पाच वेळा दूध प्यायले, आणि वुतने त्याला तीन वेळा मांडीवर घेतले.

गुरुवारी सकाळी कोयला चाकाच्या खाटेवरून थिएटरमध्ये नेले. पोटावर हिरवी चादर टाकली. फोटोवाला स्टुलावर चढला.

"हसू नको," लमाय कुजबुजली. "तुला भूल दिलीय."

"कमरेखाली दिलीय ना? तोंड माझं आहे."

"मग तोंडाने दमल्यासारखं कर."

नऊ वाजून नऊ मिनिटांनी डॉक्टरांनी चादरीमागून फकामातला वर उचलले. ती पोट भरून झोपली होती. डॉक्टरांनी तळपाय चोळले, तिने जांभई दिली. जन्मतःच जांभई देणारे मूल शांत स्वभावाचे असते, असे कक्षाच्या अधिकाऱ्याने तिथल्या तिथे सांगितले. काचेपलीकडे किमहियांगच्या डोळ्यांतून खरोखरीचे पाणी वाहिले. वुत म्हणाला, "कशी दिसते गं! अगदी पहिल्यांदाच बघतोय." हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याचे त्यालाच सुचले, आणि आईने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे कौतुकाने पाहिले.

जिथे गुरुवार आला तिथे ऑपरेशन आले, आणि ऑपरेशन आले तिथे पथ्य आले. भेटायला येणाऱ्यांपुढे कोयने पोटावर हात धरून वाकून चालायचे होते. नाश्त्याच्या ताटातले उकडलेले अंडे किमहियांगने उचलले.

"अंडं नाही. अंड्यानं जखम फुगते."

"आई, कुठली जखम?"

किमहियांगने दाराकडे पाहिले. कुणी नव्हते. तरी ती हळू आवाजात म्हणाली, "असेना. उगाच कशाला?"

तिसऱ्या दिवशी चाय नातहून बुनरुआन आली. मागे भाच्याच्या गाडीत बांबूची बाज होती. लेकीला तिच्यावर निजवून घेऊन जायला आली होती ती.

"आगीचं नाव काढू नका विहीणबाई," किमहियांग तिला दारातच म्हणाली. "टाके आहेत."

"कसले टाके?" बुनरुआनने लेकीकडे पाहिले. लेक तिच्याकडे सरळ कण्याने बसून पाहत होती.

आता कोयपुढे सोपा मार्ग होता: सदरा वर करून गल्लीला पोट दाखवायचे. ऑपरेशन नाही म्हणजे गुरुवार नाही; गुरुवार नाही म्हणजे राहू; राहू म्हणजे नाव गेले, दुपटी गेली, तोडा गेला, आणि पोरगी जन्मभर गल्लीत राहूची म्हणून ओळखली जाणार. तिने मांडीवरच्या नारिंगी गाठोड्याकडे पाहिले.

"आई," ती सासूला म्हणाली, "मी वाकून चालते. विचारलं तर कण्हतेही. पण उद्या मी माहेरी जाणार, आणि आगीशेजारी निजणार."

"लोक काय म्हणतील? टाक्यांवर आग?"

"डॉक्टरांच्या हाताला यश आहे म्हणतील. आणि आजचं अंडं द्या इकडे."

किमहियांगने अंडे दिले. वर मीठही दिले. व्यवहारी बाई होती ती.

लोक अगदी तसेच म्हणाले. चौथ्या दिवशी आगीशेजारी निजता येते, असे ऑपरेशन कम्फोनच करू जाणोत, ही बातमी नदीच्या दोन्ही काठांना पसरली. रुग्णालयाने त्यातून नवी सेवा काढली: बाई आपल्या कळांनी बाळंत होते, आणि नंतर घरच्यांच्या सोयीने तिचे ऑपरेशन झालेले असते. बाईला बाळंतपण मिळते, सासूला वेळ मिळते, डॉक्टरांना ऑपरेशनचे पैसे मिळतात. नव्या अहवालात वेळ पाळणाऱ्या बाळांची संख्या शंभरात शंभर आहे. त्यांतल्या किती बायकांना खरोखर कापले, हा आकडा अहवालात नाही, कारण तो कुणी मागितला नाही.

चाय नातला घराखाली विस्तव लालभडक झाला होता. कोय बाजेवर कूस बदलून पडली होती, फकामात तिच्या कुशीत होती. बुनरुआनने एक ढलपी पुढे सारली.

"कधी झाली गं खरी?"

"दिवे लागले तेव्हा, माय."

"फार दुखलं?"

डॉक्टर, कक्ष, सासू, नवरा, फोटोवाला या सर्वांनी तिला पुष्कळ विचारले होते. हे कुणी विचारले नव्हते. भूल दिलेल्या बाईला विचारून काय उपयोग?

"फार," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आले, आणि बुनरुआनने तिला रडू दिले.

हे वाचून तुम्हाला त्या लोकांचे हसू आले असेल. येऊ द्या. हसून झाले, की कपाटातून आपला किंवा वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा आणि जन्मतारीख पाहा. एक जून निघाली, तर दचकू नका. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी शाळा उघडायच्या सुमारास, वयाला बरोबर बसेल अशा बेताने, एकाच दिवशी जन्माला आली. ना थिएटर लागले, ना भूल, गुरुजींचा टाक पुरला. खरा दिवस कुठला, दिवे लागले होते की उजाडत होते, फार दुखले का, हे सांगू शकणारी बाई घरात एकच असते. ती असेल तर आज विचारून घ्या. नसेल, तर एक जून आहेच.