अरविंदकाकांचा चिखल

आमचे शेजारी अरविंदकाका यांनी एकदा मला माझीच मोटारसायकल धुऊ दिली नाही. मी डोईफोडियाहून आलो होतो, गाडी चिखलानं माखलेली. बादली उचलली तोच काका भिंग घेऊन लगबगीनं आले.

"थांबा भाऊ, पानी मत डालो."

मग उकिडवे बसून मडगार्ड न्याहाळू लागले. "पाहा, शिंतोडे मागच्या अंगाला कसे लांबलेत. लोक नुसते गोल ठिपके मारून देतात. काही समज?"

काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. तळहातावर मावतील असे ट्रक, जीप, ट्रॅक्टर बनवतात. सुटे भाग पार्सलनं येतात. काका ते जोडतात, चकचकीत रंगवतात. दुसरा माणूस इथं थांबून गाडी शोकेसमध्ये ठेवील. काकांचं खरं काम इथून सुरू होतं. "नवं तर कोणीही करतं. जुनं करून दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्पंजच्या तुकड्यानं गंजाचा रंग ठिपक्याठिपक्यानं लावतात. जुना टूथब्रश पातळ मातकट रंगात बुडवून अंगठ्यानं त्याचे केस मागं ओढून सोडतात. निम्मे शिंतोडे गाडीवर, उरलेले आल्यागेल्यावर. मेहुण्याच्या लग्नाला निघालो तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टाची अशीच वाट लागली. काकांनी शर्ट निरखून पाहिला. "सुंदर पडलेत. मुद्दाम केलं तर असे पडत नाहीत."

एकदा गावातल्या शनवारा भागातल्या गणेश मंडळानं प्रदर्शन भरवलं. काकांनी केळी वाहणारा ट्रक ठेवला. मागच्या फाळक्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, चाकांना तापीकाठचा गाळ. उद्घाटनाच्या आधी एका तत्पर कार्यकर्त्यानं तो ओल्या फडक्यानं लख्ख पुसून ठेवला. काकांनी भिंग काढून चाकं तपासली. मग शांतपणे म्हणाले, "बेटा, महिनेभर का कीचड था." ट्रकला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कारण लिहिलं होतं, स्वच्छता.

मागच्या आठवड्यात मी सहज त्यांच्याकडे डोकावलो. टेबलावर निळी स्कूटर होती. त्यांची खरी स्कूटर अशीच होती; काकू गेल्यावर त्यांनी ती विकली. या स्कूटरची उजवी बाजू चिखलानं, गंजानं भरलेली. डावीकडे मागच्या सीटखालचा पत्रा मात्र कोरा.

"काका, ही बाजू राहिली वाटतं."

"नाही, झाली."

"मग चिखल?"

काकांनी चष्मा काढला. "तुमची काकू एका बाजूला बसायची, डावीकडं पाय सोडून. साडी घासून घासून तेवढा पत्रा आपोआप पुसला जायचा. तिथं कधी चिखल टिकलाच नाही."

मी बोट पुढं केलं. त्यांनी माझा हात हळूच बाजूला सारला.

"तिथं नको, भाऊ."