जुळवून घ्यायचं कोणी?

जुना कॉम्प्युटर देऊन नवा आणायचा, हा निर्णय चिंतामणरावांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतला आणि घराला घोर लागला.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्स ऑफिसर असलेले हे गृहस्थ संध्याकाळच्या क्लासला जाऊन बेसिक नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकले होते. दोन वर्षं खपून त्यांनी तिच्यात पत्रिका जुळवायचा प्रोग्राम लिहिला. (त्या दोन वर्षांत कंपनीचा साठा एकदाही जुळला नाही, पण ते असो.) पहिली पत्रिका त्यांनी स्वतःची आणि उमाबाईंची घातली. "किती गुण आले हो?" असं बाईंनी विचारताच "भरपूर!" म्हणून त्यांनी घाईघाईनं पडदा बंद केला.

आता मुलीसाठी, मीनलसाठी, बदलापूरजवळच्या खरवईच्या विष्णुपंतांनी आपल्या मुलाचं, अनंताचं, स्थळ आणलं होतं. मुलांची पसंती झालेली. मीनल तर पोळ्या लाटतानासुद्धा गुणगुणायची. विष्णुपंतांची अट एकच होती, निदान अठरा गुण जुळले पाहिजेत.

"भटजी चुकतील, मशीन चुकत नाही," चिंतामणराव छातीठोकपणे म्हणाले. "रविवारी बदलापूरला आमच्याकडे या, तुमच्यासमोर जुळवतो."

शनिवारी सकाळी त्यांनी प्रोग्रामची फ्लॉपी नव्या मशीनला लावली. मशीनवर होतं विंडोज, आणि त्यात बेसिकचा पत्ताच नव्हता. काहीही टाइप केलं तरी 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' एवढंच उमटे. मीनलचं गुणगुणणं थांबलं. चिंतामणराव तडक उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, मशीन विकणाऱ्या हासानंदच्या दुकानात गेले.

"साहेब, मशीन एकदम फर्स्ट क्लास आहे," हासानंद म्हणाला. "तुमची लँग्वेज पुरानी, त्याला मी काय करू? लँग्वेजवाल्याला पकडा ना!"

"मग माझा जुना कॉम्प्युटर परत दे."

"तो तर परवाच गेला. बदलापूर साइडचे एक साहेब घेऊन गेले."

तिथून ते अंबरनाथच्या क्लासवर, बेसिक शिकवणाऱ्या गुरुदत्त सरांकडे.

"भाषेत काडीचा दोष नाही," सर गंभीरपणे म्हणाले. "नव्या सिस्टीमनं तिला सांभाळून घ्यायला हवं होतं. सिस्टीम कोणी बसवली? त्याला जाब विचारा."

जाब विचारायला ते पुन्हा उल्हासनगरला गेले, तर दुकान बंद.

रविवारी विष्णुपंत आले. समोर पोह्यांची बशी आली, तसा चिंतामणरावांना घाम फुटला.

"विष्णुपंत, क्षमा करा. भाषेचं आणि मशीनचं पटत नाही."

"म्हणजे मशीन घरात आणण्यापूर्वी त्याची पत्रिकाच पाहिली नाहीत?" विष्णुपंत म्हणाले. "असू द्या. अनंतासाठी गुरुवारीच मी कॅम्प दोनमधून जुना कॉम्प्युटर घेतला. त्यात तुमच्या नावाचा प्रोग्राम निघाला. अनंतानं स्वतःचे आणि मीनलचे गुण काढले. बाराच आले."

दाराआडून मीनलचा हुंदका ऐकू आला.

"नकार कळवायलाच निघालो होतो. पण त्यातच आणखी एक जोडपं सापडलं. चिंतामण आणि उमा. गुण नऊ!"

उमाबाईंनी सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. "भरपूर?"

"वहिनी, नऊ गुणांवर तुमचा सव्वीस वर्षं संसार होतो, मग बारावर आमच्या मुलांचा का होऊ नये? लग्न पक्कं. साखर आणा!"

मीनल धावत येऊन पाया पडली. चिंतामणरावांचे डोळे भरून आले. ते पुसत ते म्हणाले, "एक कोडं मात्र राहिलं. दोघांचं जुळत नसेल, तर जुळवून घ्यायची जबाबदारी कोणाची? हासानंद म्हणतो भाषेची, सर म्हणतात सिस्टीमची."

"एवढ्यासाठी काल दिवसभर वणवण केलीत?" साखरेचा डबा उघडत उमाबाई म्हणाल्या. "घरात विचारायचं. सव्वीस वर्षं दुसरं काय करतेय मी?"

त्यांनी विष्णुपंतांच्या हातावर साखर ठेवली, मीनलच्या ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. चिंतामणरावांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. बाई विसरल्या की मुद्दाम, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.