बरोब्बर मधोमध कूलर

मे महिन्यात घाटंजीत कूलर माणसांसाठी असतो, असा तुमचा समज असेल. आमच्या घरी तो रविवारी दुपारी दोन जुन्या कॉम्प्युटरांसाठी असतो. शेजारचे गुणवंतकाका येतात, कूलरच्या पाण्याची मोटर बंद करतात, कारण दमट हवा मशीनला मानवत नाही, आणि त्याचं तोंड दोन्ही डब्यांच्या बरोब्बर मधोमध लावतात. मग आम्ही सगळे घाम पुसत बसतो.

काका तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, तेव्हा तिथल्या लिलावातून हे दोन कॉम्प्युटर घेऊन आले. एकाच बनावटीचे, एकाच वयाचे. डाव्यावर विंडोज, उजव्यावर लिनक्स. दोन्हींवर एकच चाचणी एकदम सुरू होते. पडद्यावर एक दगडी किल्ला गरागरा फिरतो आणि शेवटी आकडा येतो, सेकंदाला किती चित्रं काढली त्याचा. मोठा आकडा जिंकला. जिंकून मिळतं काय, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

जुनं ग्राफिक्स कार्ड तापलं की मंदावतं, म्हणून वारा दोघांना सारखा. धूळ झटकायची ती एकाच ब्रशनं. एकदा माझ्या बायकोनं उजव्या डब्याच्या उबेवर कुरडया वाळत घातल्या, तर काकांनी त्या दिवशीचा निकालच रद्द केला.

"सारख्याले सारखंच पायजे, सूनबाई. बेइमानीचा आकडा कायले पायजे आपल्याले?"

हे सगळं आमच्याच घरी, कारण माझे बाबा इथे अंथरुणावर आहेत. बाबा आणि काका जन्मभर शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, जोडीनं जायचे. बैलजोड्या सुटण्याआधीच कोणती निघणार ते बाबा सांगायचे, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. मग लकवा झाला, वाचा गेली, आणि बाबांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. काकांनी दोन्ही डबे त्यांच्या खाटेसमोर मांडले तेव्हा कुठे ती मान वळली.

"बोल रामभाऊ, आज कोनती जोडी निंगते?"

बाबांनी डावीकडे बोट केलं. उजवा जिंकला. त्यानंतर आठवडाभर बाबा धड जेवले नाहीत, आणि काका आमच्याकडे फिरकले नाहीत.

पुढच्या रविवारपासून मात्र बाबांचा अंदाज चुकलेला नाही. पारख रक्तातच असावी लागते, असं मी चार लोकांत सांगतही होतो. किल्ला फिरायला लागला की काकांना खोकल्याची उबळ येते, एवढाच काय तो व्यत्यय.

गेल्या रविवारी बाबांनी उजवा दाखवला. सगळे पडद्याकडे बघत होते. मी पाणी आणायला उठलो, तर काका खोकत होते आणि खोकता खोकता पायानं कूलर उजवीकडे सरकवत होते. त्याची चाकं कुरकुरतात, ते खोकल्यात बुडत होतं. डावा तापला, मंदावला. उजवा जिंकला. बाबांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली.

काकांनी वर पाहिलं. मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. ते मात्र चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कुरडयायची गोष्ट अलग व्हती."

आठवड्यात मी कूलरच्या चाकांना तेल घातलं. या रविवारी चाकांचा आवाज आला नाही. काका सवयीनं तरीही खोकले.